अंजलैनं घासलेलं तांबं

नल्लेरिपाक्कमच्या तळ्याच्या बांधाखाली आमची नऊ घरं होती. "होती" म्हणायची सवय अजून जिभेला लागलेली नाही, म्हणून सुरुवातीलाच म्हणून घेते. आमचे पुरुष तळ्याचे पाटकरी. पावसात बांध राखायचा, मोरी उघडायची, लावायची, कुणाच्या भाताला किती पाणी ते बघायचं आणि सुगीला खळ्यावर गाव जे पदरात टाकील ते घरी आणायचं. गाव वेशीच्या आत, आम्ही बाहेर. पाणी मात्र आमच्या हातून आत जायचं, आणि त्या पाण्याला कधी विटाळ झाला नाही.

अंजलै माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी इथं नांदायला आलो. ती पहिल्या घरात, एळुमलैची बायको म्हणून. मी दुसऱ्या घरात. मध्ये एक मातीची भिंत. तिच्या चुलीवर काय आहे ते मला वासावरून कळायचं, आणि माझं नवऱ्याशी काय वाजलंय ते तिला भिंतीवरून. मी भांडकुदळ म्हणून सगळ्या पाक्कमला ठाऊक होते. ती कशासाठी प्रसिद्ध होती, तर घासण्यासाठी. हसू नका. या जगात बाईला कशाकशासाठी नाव मिळतं, आणि कशाकशापायी ते जातं.

पहिल्या घरात राजाचं तांबं असायचं. शहाणी माणसं त्याला ताम्रपट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही तांबंच म्हणायचो. हातभर लांबीचे तीन जाड पत्रे, एका कडीत ओवलेले, आणि कडीच्या जोडावर वाटीएवढा शिक्का. शिक्क्यावर वाघ बसलेला, त्याच्यासमोर दोन मासे. चोळ राजानं आमच्या मूळ पुरुषाला दिलेलं. कुठल्या चोळानं, असं विचाराल तर आम्हाला एकच चोळ माहीत. त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नव्हतं, वाचायची गरजही नव्हती. अंजलैची सासू पच्चैयम्मा तांबं घासताना ते गाणं म्हटल्यासारखं म्हणायची:

"राजानं दिलं, तळं राखणाऱ्याला दिलं. पूर्वेला ताडाची रांग, पश्चिमेला मोरीचा दगड, दक्षिणेला पिडारीचं देऊळ, उत्तरेला पाणी. मधलं सगळं आमचं, चंद्रसूर्य असेतोवर."

आमच्या पोरांना अ-आ यायच्या आधी हे यायचं.

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नव्या पाण्याच्या सणाला, तांबं बांधावर जायचं. बायका सौभाग्याची नवी पिवळी दोरी गळ्यात बांधायच्या, चिंचेचा भात, दहीभात पानावर वाढायच्या, आणि मग गावचा मोठा जमीनदार तांबं उन्हात धरून त्याचा कवडसा पाण्यावर टाकायचा. कवडसा पाणी ओलांडून पैलतीराच्या ताडांना लागला की त्या वर्षी तळं काठोकाठ भरणार. मध्येच फिका पडला तर माणसं गप्प होऊन घरी जायची. आता तुम्ही म्हणाल, कवडशाचा आणि पावसाचा काय संबंध? मला विचारू नका. मी पन्नासएक वर्षं बघितलं. भरायचं तेव्हा तळं भरलं आणि नाही तेव्हा नाही. पण गावाचा विश्वास होता, आणि विश्वास गावाचा असला तरी घासायचं काम आमचं होतं. अंजलैनं तांबं केळीच्या पानावर ठेवायचं, दहा पावलं मागं सरायचं, मग त्यांनी त्यावर पाणी शिंपडून उचलायचं.

नव्या नवरीला आडीत माहेरी पाठवतात, म्हणून पहिलं वर्ष सुटलं. दुसऱ्या वर्षी पच्चैयम्मानं तांबं तिच्या मांडीवर ठेवलं आणि चिंचेचा गोळा हातात दिला.

"तोंड दिसलं पाहिजे," म्हणाली. "तुझं नाही हो. तुझं बघायला आरसा आहे. उन्हाचं तोंड."

अंजलैनं चिंच लावली, विटेची पूड लावली, नारळाच्या काथ्यानं घासलं, वरून राख. पत्रे लाल-पिवळे झाले, पण त्यांवर बारीक बारीक काळं राहिलंच, मुंग्या ओळीनं चालल्यासारखं.

"अत्तै, हे काळं निघतच नाही."

"मला निघालं नाही. माझ्या सासूला निघालं नाही. तू तरुण आहेस, लाव जोर."

मग ती बाभळीचा काटा घेऊन बसली. तिच्या पुढ्यात मीही बसले होते, वांगी चिरत. एकेक खाच ती काट्यानं कोरायची, पुन्हा चिंच, पुन्हा पूड. ते लिहिलेलं आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण राजाचा शब्द तांब्यात आहे, जसा देव दगडात आहे, असंच आम्ही समजत होतो. देवळातल्या मूर्तीला रोज तेल लावतात, दूध ओततात, चोळतात. नाक-डोळे झिजून सपाट होतात. म्हणून देव झिजला, असं कधी कुणी म्हणालंय? तसंच हे. स्वच्छ करणं म्हणजे सांभाळणं, याच्यापुढे आमची अक्कल गेली नाही. गावाचीही गेली नाही, आणि गावात शिकलेली माणसं होती.

त्या वर्षी कवडसा पाण्यावरून सुरीसारखा गेला आणि पैलतीराच्या ताडांवर चढला. लोक ओरडले. मोठा जमीनदार हातातल्या तांब्याकडे बघत राहिला आणि वरूनच म्हणाला, "एळुमलै, बायको कुठून आणलीस रे? हिच्या हातात बरकत आहे."

त्या वर्षी तळं फुटायच्या बेतात येईपर्यंत भरलं. झालं. त्या एका वाक्यावर अंजलै पुढचं आयुष्य जगली. खोटं सांगत नाही. आमच्यापैकी कुणाशी वेशीतलं माणूस इतकं बोललेलं मला आठवत नाही. मग दरवर्षी आडी जवळ आली की तिच्या अंगात यायचं. घरात सारात घालायला चिंच नसली तरी चालेल, तांब्यासाठी तिनं वेगळी मडक्यात मिठात घालून ठेवलेली असायची. पच्चैयम्मा गेली, घासायचं गाणं अंजलैच्या तोंडी आलं. पाच-सहा वर्षांत खाचा बोटाला लागेनाशा झाल्या. ती मला बोलावून हात फिरवायला लावायची.

"बघ, पूंगा. लोण्यासारखं."

"लोणी असतं तर चाटलं तरी असतं," मी म्हणायची.

"तुझं तोंड कधी बरं बोलणार आहे का?"

एळुमलै पुराच्या वर्षी गेला. बांध फुटायला आला होता आणि मोरीचा दट्ट्या आत अडकलेला. सगळे कडेला उभे. आत बुडी मारायची ती पाटकऱ्यानंच. तो गेला, दट्ट्या सुटला, पाणी गेलं, बांध वाचला. तो खाली कालव्यात सापडला. गावानं अंजलैला एक साडी आणि तांदळाचं एक पोतं दिलं. तिनं पोराला, कुमारवेलला, तेराव्यानंतर मोरीवर उभं केलं आणि त्या वर्षीच्या आडीला पुन्हा तांबं घासलं. पिवळी दोरी गळ्यात नसताना सणाला यावं की नाही, अशी वेशीत कुजबुज झाली. पण तिच्याशिवाय कवडसा पोचत नव्हता, म्हणून ती आलेली चालली.

मग ती नोटीस आली.

दारादारांवर पिवळे कागद चिकटवले. तळ्याच्या जागेत अतिक्रमण, पंधरा दिवसांत खाली करा. मोठ्या कोर्टानं सगळीकडची तळी वाचवायची ठरवली होती म्हणे. चांगलंच की! तळी वाचलीच पाहिजेत. पण तळ्याचं राखणदार घरच तळ्यावरचं अतिक्रमण? अंजलैला पहिल्यांदा हसूच आलं.

"आम्ही तळ्यात घुसलो? मग मासे कोण गं, पाहुणे?"

पैलतीरावर ताड तोडून, भराव टाकून एक कॉलेज उभं राहिलं होतं. त्यांनाही नोटीस गेली. त्यांचा वकील मोठा, त्यांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली. आम्हाला वकील मिळाली भुवना. तरणी पोर, स्कूटरवर यायची, फी घेत नव्हती, आणि माझ्या हातची नाचणीची आंबील मागून प्यायची. तिनं आमची रेशनकार्डं बघितली, विजेची बिलं बघितली आणि मान हलवली.

"हे सगळं अलीकडचं आहे, अक्का. सरकार म्हणतं, जागा तळ्याची, तुम्ही मागून बसलात. तुम्ही तळ्याइतकेच जुने आहात असं सांगणारं काही आहे का?"

अंजलैनं पदराला हात पुसले, आत गेली आणि तांबं घेऊन आली. भुवनानं शिक्का बघितला, वाघ बघितला, मासे बघितले, आणि तिचे डोळे चमकले.

"यात काय लिहिलंय?"

अंजलैनं पच्चैयम्माचं गाणं म्हणून दाखवलं. ताडाची रांग, मोरीचा दगड, पिडारीचं देऊळ, पाणी.

"असं जर खरंच लिहिलेलं असेल," भुवना म्हणाली, "तर अतिक्रमण कसलं? तुम्हाला तळ्यापाशी राजानंच बसवलंय. कोर्ट मानेलच असं नाही. पण जज थांबेल. एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. कुणाकडून तरी वाचून घ्यायला पाहिजे."

त्या आठवड्यात अंजलैइतकी सुखी बाई मी बघितली नाही. नोटीस दाराला चिकटलेली, आणि ही नातवंडांना सांगतेय, "राजा कोर्टात येणार आहे, बघा." कुणी विचारलं तर, कुणी नाही विचारलं तर. वेशीतल्या बायकांनाही सांगून आली. मला म्हणाली, "पूंगा, आयुष्यभर घासलं, आता त्याचं चीज होणार."

वाचणारे येणार त्याच्या आदल्या दिवशी तिनं तांबं पुन्हा घासलं. आडी नव्हती, काही नव्हतं. पाहुणा येणार, राजाला काळवंडलेला कसा दाखवायचा? मडक्यातली सगळी चिंच संपवली.

वाचणाऱ्यांचं नाव मासिलामणी सर. शिकवण्यातून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत भिंग, बॅटरी आणि तांदळाच्या पिठीची पुडी. लेखावर पिठी चोळली की अक्षरं पांढरी उठून दिसतात, असं त्यांनी सांगितलं. आम्ही सगळे अंगणात जमलो. त्यांनी शिक्का बघितला आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

"चोळांचाच आहे," ते म्हणाले. "अम्मा, हा खराच आहे."

अंजलैनं माझ्याकडे असं बघितलं जसं काही आजवर मी नाहीच म्हणत होते.

त्यांनी पहिला पत्रा उलटला. मग दुसरा. उन्हाकडे तिरपा धरला, सावलीत नेला, बॅटरी आडवी लावली. पिठी चोळली, फुंकर मारली. पिठी पत्र्यावरून घसरून खाली पडली. तिला बसायला कुठं खाचच नव्हती. तिसरा पत्रा. पुन्हा पहिला.

"हे कशानं घासता?" त्यांनी विचारलं.

"चिंच, सामी," अंजलै पुढं होऊन म्हणाली. "आणि विटेची पूड. वरून राख. काट्यानं सगळं काळं काढलं मी. माझ्या सासूला, तिच्या सासूला, कुणालाच निघालं नव्हतं."

त्या क्षणी मला कळलं. भुवनालाही कळलं, तिनं ओठ चावले. अंजलैला मात्र नाही. ती शाबासकीची वाट बघत उभी होती.

सरांनी पिशवीतून ओला बोळा काढला आणि तिसऱ्या पत्र्यावर कडीच्या भोकाभोवती हळूहळू पुसायला लागले. तिथं पत्रे एकमेकांवर चढलेले. तिथं बोट शिरत नाही, काथ्या शिरत नाही. एवढासा काळा कोपरा राहिला होता. त्यांनी पिठी लावली, भिंग धरलं, आणि माणूस वाचता वाचता पुटपुटतो तसं वाचलं. वाईट मनानं नव्हे. वाचणाऱ्याला अक्षर दिसलं की तोंड उघडतंच.

"'...नासवील, त्याला गंगेपासून कुमरीपर्यंत ज्यांनी ज्यांनी पापं केली त्या सगळ्यांचं पाप...' एवढंच आहे. पुढं नाही."

"आणि आधी?" भुवनानं विचारलं. "सीमा? देणगी कुणाला?"

"नाही. काहीच नाही." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "शेवटी शाप असतो, तो आहे. त्याच्या आधी नेहमी एक ओळ असते: हा धर्म जो राखील, त्याचे पाय माझ्या डोक्यावर. ती इथंच कुठंतरी असणार. ती गेली."

"राजाच्या डोक्यावर?" अंजलैनं विचारलं.

"हो अम्मा."

"राखणाऱ्याचे पाय? आमचे?"

"राखणाऱ्याचे, हो."

तिनं खाली स्वतःच्या हातांकडे बघितलं. चिंचेनं बोटांच्या चिरा काळ्या झालेल्या होत्या, नेहमीच असायच्या. मग तिनं विचारलं, "आणि ते नासवणाऱ्याचं, ते परत एकदा सांगा."

सर तिच्याकडे बघायला लागले. आता कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मला इतका राग आला की काय सांगू.

"सर," मी म्हणाले, "तुम्हाला वाचायला बोलावलं होतं, पेटवायला नव्हे!"

"अम्मा, तसं नाही," ते घाईघाईनं म्हणाले. "तुम्ही नासवलं नाही. तुमच्या घराण्यानं जपलं म्हणून तर आज हे... गावानं कवडशासाठी..."

"सामी," अंजलै म्हणाली, "तुम्हाला वाचता येतं. मला ऐकू येतं."

तिनं तांबं उचललं आणि आत गेली. त्या दिवशी भिंतीपलीकडून काही आवाज आला नाही. मी आंबील घेऊन गेले, तर भांड्यावर झाकण ठेवून म्हणाली, "राहू दे, पोरं खातील."

भुवनानं तरीही फोटो लावले, शिक्का दाखवला, सरांचं पत्र जोडलं. समोरच्या वकिलानं एवढंच विचारलं म्हणे, की या चकचकीत पत्र्यावर जमीन कुठं आहे? कुठली जमीन, कुणाला दिली, दाखवा. भुवनाला दाखवता आलं नाही. जज थांबला नाही. आणि गाव? ज्या गावानं पिढ्यान् पिढ्या कवडसा मागितला, त्या गावातल्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा चहाच्या टपरीवर म्हणाला, "बायकांच्या हातात दस्तऐवज दिला की हे असं होतं." मी त्याच्या सात पिढ्या तिथंच उद्धारल्या. चहावाल्यानं मला उठवलं. पण वाक्य अंजलैच्या कानावर गेलंच. अशी वाक्यं पायांनी चालत येतात.

यंत्र आलं तेव्हा ती मोरीच्या दगडावर बसली होती, तांबं फडक्यात गुंडाळून मांडीवर. आधी तिचं घर, मग माझं. मातीच्या भिंतीला यंत्र कशाला लागतं? लहान पोरानं ढकललं असतं तरी पडली असती. मी रडले, शिव्या दिल्या, एका पोलिसाच्या अंगावर धावून गेले. ती नुसती बघत राहिली.

आम्हाला दगडाच्या खाणीशेजारी पत्र्याची घरं मिळाली. तिथं झाड नाही, विहीर नाही. पाणी टँकरनं येतं, आलं तर. गावाला पाणी वाटणारे आम्ही, घागरी लावून टँकरची वाट बघतो. कुमारवेल ट्रकवर दगड भरायला जातो.

अंजलैनं तांबं छपराच्या पत्र्याखाली कोपऱ्यात ठेवलं आणि त्याला हात लावला नाही. ते आधी तपकिरी झालं, मग काळं, कडीपाशी हिरवं. पहिल्या उन्हाळ्यात नातीला कावीळ झाली. अंजलै म्हणाली, तेच. कुमारवेलच्या बोटावर दगड पडला. तेच. टँकर चार दिवस आला नाही. तेच.

"अगं, टँकर सगळ्यांचाच आला नाही," मी म्हणाले. "सगळ्यांनी काय तांबं घासलं होतं?"

"गंगेपासून कुमरीपर्यंत लई माणसं असतील ना गं, पूंगा?"

"असतील की."

"त्या सगळ्यांचं. एवढं मी ठेवू कुठं?"



पुढच्या आडीत मोटार आली. मोठ्या जमीनदाराचा मुलगा, तोच टपरीवरचा, बरोबर देवळाचा पुजारी आणि दोन माणसं. ताटात केळी, विड्याची पानं, नारळ. दारात आले नाहीत, मोटारीपाशीच उभे राहिले.

"अक्का," तो म्हणाला. अक्का! जन्मात पहिल्यांदा. "तळ्यात थेंब नाही. कवडसा पडला नाही म्हणून असं झालं, असं लोक म्हणतात. तांबं द्या. सण झाला की आणून देतो."

"आणि घरं?" कुमारवेल म्हणाला. "ती कधी आणून देताय?"

"ते कोर्टाचं आहे, तंबी. त्यात आम्ही काय करणार?"

माझा हात चपलेकडे गेला होता. पण अंजलै उठली.

"सकाळी या," म्हणाली. "असं काळं कसं देऊ?"

ते गेल्यावर तिनं माझ्याकडे चिंच मागितली. मी म्हणाले, देत नाही, मेले तरी देत नाही. तिनं सुनेच्या डब्यातली घेतली. खाणीतून विटेच्या पुडीऐवजी दगडाची भुकटी आणली. दारात बसून घासायला लागली. हात म्हातारे झाले होते, पण पद्धत तीच. तांबं पुन्हा लाल झालं, मग पिवळं. नुसतं घासत होती, गाणं नव्हतं. मला ते गाणं नसल्याचंच जास्त ऐकू येत होतं.

मग तिनं काटा घेतला आणि कडीच्या भोकाशी नेला.

मी तिचा हात धरला. "तिथं ती ओळ आहे ना गं."

"म्हणूनच."

"तेवढीच राहिली आहे! राजाचं तेवढंच राहिलंय."

"माझ्यामागं हे सुनेच्या हातात जाणार," ती म्हणाली. "तिच्यामागं तिच्या सुनेच्या. कधीतरी पुन्हा एखादा पिठी घेऊन येईल आणि अंगणात मोठ्यांदा वाचेल. त्यापेक्षा कोरं जाऊ दे."

"भुवनाकडं फोटो आहे त्याचा."

"फोटो कुणी मांडीवर घेऊन घासत नाही."

तिनं माझा हात बाजूला केला. काटा मोडला, दुसरा घेतला. तो वाकला तेव्हा कुमारवेलच्या पेटीतला खिळा घेतला. तिरपा घालून, पत्रे फाकवून, एवढ्याशा जागेत खरवडत राहिली. बोटाला लागलं, रक्त आलं, ते चिंचेत मिसळलं. शेवटी फडक्यानं पुसलं आणि माझं बोट धरून तिथं फिरवलं.

"बघ."

गुळगुळीत होतं. मी "लोण्यासारखं" म्हणाले नाही.

आडीच्या अठराव्याला ती गेली नाही. मी गेले, बघायचं होतं मला. बांधावर गर्दी होती. खाली तळं तडकलेलं, पाणी मोरीजवळ एवढंसं डबकं, बाकी बाभळी. आमच्या घरांच्या जागी मोकळी माती, त्यात कुणीतरी शेळ्या बांधलेल्या. जमीनदाराच्या मुलानं तांबं उन्हात धरलं. कवडसा डबक्यावर पडला, मग कोरड्या मातीवरून सरकत सरकत पैलतीराला गेला. तिथं आता ताड नव्हते. तो कॉलेजच्या भिंतीवर चढला आणि तिथं थरथरत राहिला. लोक ओरडले, वाजंत्री वाजली. मागून एक म्हातारा सवयीनं म्हणाला, "अंजलैचा हात!"

मी तांब्यासाठी थांबले. पुजारी म्हणाला, तांबं आता देवळाच्या कपाटात राहील, तिकडं तुमच्याकडं ते नीट राहत नाही, काळं पडतं. मी पुष्कळ बोलले. त्यांनी कपाटाला कुलूप लावलं.

परत आले तेव्हा अंजलै दारात बसली होती.

"पोचला?"

"पोचला. कॉलेजच्या भिंतीपर्यंत."

"मधेच फिका पडला का?"

"नाही."

"आणि तांबं?"

मी सांगितलं. मला वाटलं, ती आता तरी रडेल, किंवा शिव्या देईल. मी तयारीत होते. सुनेसाठी एवढं खरवडलं, आणि ते सुनेच्या हातात जाणारच नव्हतं.

"राहू दे त्यांच्याकडं," ती म्हणाली. "त्याच्यावर आता काही नाही. जे होतं ते सगळं माझ्यापाशीच राहिलं."

तिनं हात मांडीवर पालथे ठेवले. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला, आणि ती घागर घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली.